शून्य गळतीचा कान

कानसेनांच्या उजव्या कानात साचलेल्या मळाचा फटका घरीदारी सगळ्यांना बसला, आणि सगळ्यात शेवटी तो कोणाला कळला असेल तर कानसेनांना. त्यात नवल काही नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण कानाच्या बाबतीत ही म्हण चालत नाही. कान बंद झाला की बंद झाल्याची बातमीसुद्धा आत जात नाही.

कानसेन हे नाव त्यांना खात्याने दिलेलं. ते पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचे. पहाटे, रस्त्यावर गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, एक लांब लोखंडी सळई घेऊन निघायचं. सळईच्या वरच्या टोकाला पितळेची वाटी. खालचं टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला उजवा कान लावायचा आणि डोळे मिटायचे. जमिनीखाली पाइप फुटला असेल तर बारीक फुसफुस ऐकू येते. कुठली फुसफुस गळतीची आणि कुठली कोणाच्या टाकीत पाणी पडत असल्याची, हे ओळखायला सव्वीस वर्षं लागतात, असं ते नव्या माणसांना सांगत. त्यांना स्वतःला ते चार वर्षांतच जमलं होतं, पण ते सांगायची काही गरज नव्हती.

गळती सापडली की खिशातला खडू काढून रस्त्यावर फुली मारायची. मागून मुकादम आपली माणसं घेऊन यायचा आणि फुलीवर खणायचा. सव्वीस वर्षांत फुली चुकली ती दोनदाच, आणि त्यातल्या एकदा फुलीवर कोणाची तरी गाडी उभी असल्यामुळे मुकादमाने शेजारी खणलं होतं. त्यामुळे कानसेन ती चूक मोजत नसत.

असा कान असल्यावर त्याची निगा राखायला नको का? कानसेन राखायचे. सुतार पटाशीला धार लावतो, तसे ते रोज पहाटे निघण्यापूर्वी बाथरूमच्या आरशासमोर उभे राहून इअर बडने उजवा कान घासूनपुसून साफ करायचे. डाव्या कानाची एवढी बडदास्त नव्हती. तो आपला चष्म्याची काडी अडकवायला होता. ही पहाटेची सफाई त्यांनी एक दिवसही चुकवली नाही, आणि पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथेच आहे.

साधारण दोन महिन्यांपूर्वी कानसेनांच्या विभागातले पाइप गप्प झाले. आधी बाजाराचा रस्ता गप्प झाला, मग शाळेची गल्ली, मग दवाखान्यामागचा जुना पाइप, जो गेली दहा वर्षं दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकायचा, तोही शांत. दुसऱ्या कुणाला संशय आला असता. पण माणसाला आपल्या बाजूने लागलेल्या निकालाचा संशय येत नाही. कानसेनांना वाटलं, सव्वीस वर्षांच्या कष्टांना फळ आलं. त्यांनी अहवालात लिहिलं, गळती: शून्य. पुढच्या आठवड्यातही शून्य. त्याच्या पुढच्याही.

शून्याचा असा गुण आहे की तो कागदावर फार देखणा दिसतो. साहेबांनी तो बघितला, वरच्या साहेबांना दाखवला, आणि त्यांनी त्यांच्या मोठ्या साहेबांना. मोठ्या साहेबांनी ठरवलं की पहिल्या तारखेला खात्याच्या आवारात समारंभ करायचा, 'शून्य गळती विभाग' म्हणून मानपत्र द्यायचं आणि कानसेनांचा सत्कार करायचा. मुकादमाला खणायला काही उरलं नव्हतं. तो आणि त्याची माणसं झाडाखाली पत्ते खेळत बसायची. एकदा तो कानसेनांना म्हणाला, "साहेब, पाइप सुधारले म्हणायचे. माणसं सुधारायला तर जन्म जातो."

इकडे कानसेनांच्या इमारतीत मात्र नळाची धार बोटभर होती ती सुतासारखी झाली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहायचे, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. ते रिकामी बादली घेऊनच खाली आले.

"तुमच्या विभागात एक थेंब गळत नाही म्हणता," मास्तर म्हणाले, "मग आमचं पाणी जातं कुठे? वाफ होऊन उडतं?"

"वापर वाढलाय लोकांचा," कानसेन म्हणाले.

"माझा नाही वाढलेला. मी तर कमी केलाय. आंघोळीला एक तांब्या."

हे कानसेनांना जवळ उभं राहिल्यामुळे वासावरूनही कळलंच होतं.

जेवायच्या टेबलावर बायको कायम त्यांच्या उजव्या हाताला बसायची. स्वयंपाकघर त्या बाजूला म्हणून. ती बोलायची आणि कानसेन मान डोलवायचे. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला योग्य जागी मान डोलवायला ऐकू यावंच लागतं असं नाही. त्यांच्या खडूच्या डब्यातला एक खडू या काळात नाहीसा झाला, तेव्हा त्यांनी मुकादमावर आळ घेतला आणि विषय संपवला.

भांडं फुटलं ते गजरामुळे. कानसेनांना डाव्या कुशीवर झोपायची सवय. म्हणजे डावा कान उशीत आणि उजवा मोकळा. एका पहाटे गजर वाजला, वाजत राहिला, वाजून वाजून थकला आणि कानसेन गाढ झोपेत. बायको उठली, तिने घड्याळ उचलून त्यांच्या उजव्या कानापाशी धरलं आणि पुन्हा वाजवलं. कानसेन झोपेत हसले. मग तिने त्यांना उजव्या कुशीवर वळवलं आणि डाव्या कानाशी धरलं, तेव्हा ते ताडकन उठून बसले.

"अहो, तुमचा उजवा कान गेलाय," बायको म्हणाली.

"काहीतरीच काय. घड्याळ बिघडलंय."

त्यांनी घड्याळ उजव्या कानाला लावलं. बंद. डाव्या कानाला लावलं. टिकटिक. पुन्हा उजव्या. बंद. मग ते स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, सळईचं टोक नळावर टेकवलं आणि वाटीला उजवा कान लावला. समोर पाणी पडताना दिसत होतं आणि वाटीत चिडीचूप.

कानसेन मोरीच्या कठड्यावर बसले. पाइप सुधारले नव्हते. बाजाराचा रस्ता गळत होता, शाळेची गल्ली गळत होती, तो दम्याचा जुना पाइप तर नक्की गळत असणार, आणि आपण दोन महिने शून्य लिहीत होतो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना पाइपांचं दुःख नव्हतं. त्यांना भीती वाटली. कान कायमचाच गेला असेल तर आपण कोण? सळई धरलेला एक माणूस. त्याला खातं दफ्तरखान्यात बसवील आणि जुन्या फायलींवरची धूळ झटकायला लावील. डाव्या कानाने त्यांनी ऐकून पाहिलं, पण डाव्या हाताने सही करावी तसा तो प्रकार झाला. सगळ्या फुसफुशी एकसारख्याच.

"डॉक्टरकडे चला," बायको म्हणाली.

"आधी घरी बघू. आणि कोणाला बोलू नकोस."

बायको कोणाला बोलली नाही. ती फक्त आपल्या बहिणीला फोनवर, मोठ्याने बोलली, आणि मास्तर जिन्यात उभे होते.

मास्तर संध्याकाळी आले. कानाच्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा. "चाळीस वर्षं स्कूटरच्या किल्लीने साफ करतोय," ते म्हणाले. "स्कूटर गेली, किल्ली ठेवलीय. हे बघा." किल्लीला दात होते आणि दातांत काय होतं ते बघायची कोणाची हिंमत झाली नाही. बायकोने हळू आवाजात विचारलं, "मग तुम्हाला नीट ऐकू येतं का?" मास्तर म्हणाले, "छान गरम आहे, साखर थोडी कमी चालेल." चहा अजून आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेहुणी एक डबा घेऊन आली. डब्यात दोन पोकळ मेणबत्त्या. मेणबत्तीचं एक टोक कानात बसवायचं, दुसरं पेटवायचं, म्हणजे आतला मळ वर ओढला जातो असं डब्यावर छापलं होतं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पाइपात कोणी काठी घातली तरी खडसावलं, तो माणूस मेहुणीच्या शब्दाखातर जेवायच्या टेबलावर आडवा झाला आणि कानात मेणबत्ती खोचून घेतली. बायको उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. तिचा मेणबत्तीवर विश्वास नव्हता, पण आगीवर होता.

पाच मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग कानसेनांना शिंक आली. मेणबत्ती कलली, कल्ल्यांचे केस चुरचुरले, जळका वास सुटला आणि बायकोने तांब्या रिकामा केला. पाणी केसांवर कमी पडलं आणि कानात जास्त गेलं. मेहुणी मात्र खूश होती. तिने मेणबत्तीचं थोटूक उकलून दाखवलं. आत पिवळट भुकटी. "बघा भावजी, किती निघाला."

बायकोने दुसरी मेणबत्ती घेतली, रिकाम्या बाटलीच्या तोंडात खोचली, पेटवली आणि शेवटपर्यंत जळू दिली. मग उकलली. आत तेवढीच पिवळट भुकटी. "बाटलीच्या कानातलाही निघाला," ती म्हणाली. मेहुणी डबा तिथेच विसरून गेली.

पाणी गेल्यामुळे आतला मळ फुगला. आता उजव्या बाजूला जग उरलंच नाही. चालताना कानसेनांना आपल्याच पावलांचा आवाज डोक्यात ऐकू यायचा. समारंभाला दहा दिवस होते.

खात्याचा दवाखाना होता, पण तिथे जायला अर्ज लागायचा आणि अर्जावर साहेबांची सही लागायची. अर्जात एक रकाना होता: तक्रारीचा अवयव. कानसेन त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. गळती शोधणाऱ्याने तिथे 'कान' लिहिणं म्हणजे आचाऱ्याने 'जीभ' लिहिण्यासारखं. साहेब सहीआधी वाचायचेच. शेवटी त्यांनी लिहिलं, 'गुडघा'. आत गेल्यावर डॉक्टरांना हळूच खरं सांगू, असा बेत होता.

बेत चांगला होता, फक्त गुडघा लिहिल्यावर खातं माणसाला गुडघ्याच्याच खोलीत पाठवतं. हाडांच्या डॉक्टरांनी कानसेनांचं एक अक्षर ऐकून न घेता त्यांना पलंगावर निजवलं आणि गुडघा असा काही मुडपला की कानसेनांना पूर्वज आठवले.

"डॉक्टर, खरं म्हणजे माझा कान..."

"कानाची खोली वेगळी. त्याला वेगळा अर्ज. इथे दुखतं?"

"आता दुखतंय."

"दुखणारच. झिजलाय. लवकर यायला हवं होतं."

अशा रीतीने कान बरा करायला गेलेले कानसेन गुडघ्याचे रोगी होऊन परतले. कागद साहेबांपर्यंत गेला. साहेबांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी समारंभात कानसेनांसाठी व्यासपीठावर हात असलेली खास खुर्ची ठेवायचा हुकूम काढला.

मग बायकोनेच सूत्रं हातात घेतली. बाजारामागे एका कानाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिथे अर्ज नव्हता, रकाना नव्हता, दारात फक्त पायपुसणं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. आधी त्यांनी विचारलं, कान कधी फुटला होता का, पू येतो का, दुखतं का, पूर्वी शस्त्रक्रिया झालीय का. सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांनी उजेडाची नळी लावून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिल्या.

"रोज कान साफ करता का?"

"रोज," कानसेन अभिमानाने म्हणाले. "सव्वीस वर्षं. बडने."

"साफ नाही केलात. ठासलात. तोफेत दारू ठासतात तशी." त्या अजिबात ओरडून बोलत नव्हत्या, म्हणून ते जास्तच लागलं. "मळ म्हणजे घाण नाही हो. कानाच्या कातडीला तो लागतो, आणि जास्तीचा कान आपला आपण बाहेर सरकवतो. तुम्ही रोज त्याला परत आत ढकलत होता. पाइपात कोणी काठीने गाळ आत ढकलला तर तुम्ही काय म्हणाल?"

काय म्हणू, ते कानसेनांना तंतोतंत माहीत होतं, कारण ते त्यांनी अनेकांना म्हटलेलं होतं. त्यातलं बरंचसं बायकांसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं.

"कान... गेला का हो?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज एवढासा झाला.

"मळ निघाल्याशिवाय पडदा दिसणार नाही. बहुतेक काही झालेलं नाही. पण आज काढणार नाही, दगड झालाय. हे थेंब पाच दिवस, दिवसातून दोनदा. कान वर करून कुशीवर पडायचं आणि पाच मिनिटं हलायचं नाही. मधे जास्त बंद वाटेल, घाबरायचं नाही. दुखलं किंवा चक्कर आली तर थेंब थांबवून लगेच या. आणि बड, किल्ली, मेणबत्ती, काही नाही."

"मेणबत्तीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कल्ला जळालाय तुमचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मधे दवाखान्याला दोन दिवस सुट्टी आली, म्हणून मळ काढायचा दिवस ठरला तो नेमका पहिल्या तारखेची सकाळ. पाच दिवस कानसेन सकाळ-संध्याकाळ डाव्या कुशीवर पडले आणि बायकोने थेंब घातले. पाच मिनिटं ती घड्याळ बघत शेजारी बसायची आणि काहीतरी बोलायची. त्यांना ते ऐकू यायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, काय म्हणालीस? ती मोठ्याने म्हणाली, "नंतर सांगते. यादी आहे."

पहिल्या तारखेला सकाळी डॉक्टरीणबाईंनी पाणी अंगाइतकं कोमट आहे का ते मनगटावर पाहिलं, कारण गार पाण्याने माणसाला गरगरतं. बायकोच्या हातात वाटोळं भांडं दिलं आणि ते कानाखाली धरायला सांगितलं. मग कानाची पाळी मागे ओढून पिचकारीतून हळूहळू धार सोडली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आत काहीतरी हललं, सरकलं, आणि भांड्यात टप्पकन पडलं.

आणि मग सगळं एकदम आत आलं. भिंतीवरचं घड्याळ. बाहेर कोणीतरी खुर्ची ओढली. डॉक्टरीणबाईंच्या चपलेची कुरकुर. शेजारी बायको श्वास घेत होती, आणि तो श्वाससुद्धा त्यांना ऐकू आला. कानसेनांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "पडदा अगदी छान आहे."

बायको भांड्यात बघत होती. "मिऱ्याएवढा असेल वाटलं होतं," ती म्हणाली. "ही तर सुपारी आहे."

संध्याकाळी समारंभ. खात्याच्या आवारात व्यासपीठ, समोर खुर्च्या, खुर्च्यांत खातं, मागे मुकादम आणि त्याची माणसं. मास्तर पहिल्या रांगेत, बादली न घेता आलेले. कानसेन हात असलेल्या खुर्चीत बसले होते आणि त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. कान परत आला, आता गुपचूप उद्यापासून फुल्या मारायच्या, रोज दोन-चार, म्हणजे कोणाला संशय येणार नाही. मानपत्र घ्यावं, घरी जावं. शहाण्या माणसाने असंच केलं असतं आणि कानसेन स्वतःला शहाणेच समजत.

मोठ्या साहेबांनी शाल दिली, मानपत्र दिलं आणि फोटोवाल्याने घोळ घातला. त्याला कानसेन कामात हवे होते. सळई आणली गेली. मोठे साहेबही फोटोत यायला खाली उतरून खुर्चीत बसले. व्यासपीठाच्या पुढ्यातच, मोठ्या साहेबांच्या पायांपासून दोन हातांवर, एक व्हॉल्व्ह होता. कानसेनांनी सळई टेकवली आणि कान लावला.

"डोळे मिटा," फोटोवाला म्हणाला. "हसा थोडं."

कानसेन हसले नाहीत. वाटीत फुसफुस होती. बारीक नव्हे, चांगली घसघशीत, महिन्याभराची तरी जुनी. खात्याच्या आवारात, खात्याच्याच पाइपात, शून्य गळतीच्या मानपत्राच्या बरोबर खाली. फोटो निघाला तरी ते उठेनात. साहेब कुजबुजले, "गुडघा धरला का?"

त्यांना अजूनही गप्प बसता आलं असतं. पण माणूस बायकोशी खोटं बोलू शकतो, खात्याशी बोलू शकतो, अर्जाशी तर बोलतोच. कानाने स्पष्ट ऐकलेल्या गळतीशी खोटं बोलणं कानसेनांना जमेना. हात आपोआप खिशात गेला. खडू होताच. ते मोठ्या साहेबांपुढे वाकले, म्हणाले, "जरा पाय वर घेता का," आणि त्यांच्या बुटांच्या मधोमध फुली मारली.

मग ते ध्वनिक्षेपकाशी गेले. भाषण लिहून आणलं होतं ते खिशातच राहिलं. "दोन महिने माझ्या कानात मळ होता," ते म्हणाले. "माझा विभाग शून्य नव्हता, माझा कान शून्य होता. पाइप सगळे गळतायत. मास्तरांचं पाणी मी घालवलं. हा सत्कार मळाचा झाला, माझा नाही." आणि त्यांनी शाल काढून घडी केली.

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मोठ्या साहेबांनी पाय वर घेतलेलेच होते, ते खाली कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले, "खणून बघा." मुकादमाने पत्ते खिशात घातले. दोन महिन्यांनी त्याला फुली मिळाली होती, त्याने ती वाया घालवली नाही. दहाव्या घावाला पाणी असं उसळलं की पहिली रांग मास्तरांसकट भिजली.

"हेच माझं पाणी," मास्तर म्हणाले, आणि कधी नव्हे ते मनसोक्त भिजले.

शाल खात्याने परत घेतली नाही, मानपत्र घेतलं. पुढच्या पंधरा दिवसांत कानसेनांनी एकेचाळीस फुल्या मारल्या आणि त्यांचा विभाग सगळ्यात गळका म्हणून जाहीर झाला. मास्तरांची बादली भरू लागली. मोठ्या साहेबांनी हुकूम काढला की गळती शोधणाऱ्या प्रत्येकाचा कान दर सहा महिन्यांनी तपासावा. त्यासाठी नवा अर्ज छापला, त्यात अवयवाच्या रकान्यात 'कान' आधीच छापलेलं होतं. कानसेनांच्या फायलीत मात्र अजून गुडघाच आहे, आणि तो आता खरंच दुखतो.

पण ही सगळी नंतरची गोष्ट. त्या संध्याकाळी घरी आल्यावर कानसेन जेवायच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "बोल आता. दोन महिन्यांत काय काय म्हणालीस ते सगळं सांग. मी ऐकतो."

"सगळं?"

"पहिल्यापासून."

बायको त्यांच्या उजव्या हाताला बसली. इतके दिवस भिंतीशी बोलल्यावर भिंतीने वळून विचारावं, तशी तिची गत झाली. मग ती म्हणाली, "पहिलं हेच म्हणत होते की ओट्याखालचा पाइप गळतोय. सोळा वेळा सांगितलं. तुम्ही सोळा वेळा मान डोलावलीत."

कानसेन उठले, ओट्याखालचं दार उघडलं आणि गुडघा सांभाळत वाकले. सळईची गरज नव्हती, फुसफुस इथूनच ऐकू येत होती. त्यांनी खिशातून खडू काढला आणि हात तसाच थांबला. पाइपाच्या सांध्यापाशी भिंतीवर फुली आधीच होती. ओलीने फिकट झालेली, थोडी वाकडी, दोन महिन्यांपूर्वीची. खडू त्यांच्याच डब्यातला होता.

त्यांनी कान जवळ नेऊन नीट ऐकलं. फुली अगदी बरोबर जागी होती.